कोपर सरळच आहे

२ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. एप्रिलच्या सुरुवातीला येतोय, चांगले पंधरा दिवस राहणार. वहिनी येणार नाहीत, त्यांच्या शाळेत परीक्षा आहेत. बायको खूश. मीही खूश. भाऊ आहे शेवटी.

पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. दादाने मला आजवर कॅरम, बॅडमिंटन, पत्ते, बुद्धिबळ, पोहणे आणि उंची या सर्व प्रकारांत हरवलेलं आहे. मागच्या खेपेला बुद्धिबळात हरवलं तेव्हा तो पेपर वाचत होता. माझी चाल झाली की मी खाकरायचो, मग तो पेपर खाली करायचा.

यंदा हे होणार नाही. पेट्रोल पंपामागे पूलचा हॉल उघडलाय. दादाने आयुष्यात पूल खेळलेला नाही. मीही नाही, पण माझ्याकडे दोन महिने आहेत.

संकल्प: गुपचूप शिकायचं. कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

(जेवताना बायकोला सांगितलं. तिला वाटलं पोहायला जातोय, म्हणाली टॉवेल वेगळा ठेवा. मग समजावून सांगावं लागलं. मुलगी तिथेच बसली होती. बाकी कुणाला नाही.)

४ फेब्रुवारी, मंगळवार

हॉलमध्ये जाण्याआधी अभ्यास पक्का हवा. मोबाइलवर भरपूर व्हिडिओ पाहिले. सगळा खेळ हातात आहे. म्हणजे खरोखरच हातात. दंड हलता कामा नये. कोपरापासून खालचा हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलला पाहिजे. खांदा, कोपर, मनगट आणि क्यू, म्हणजे ती लांब काठी, सगळं एका उभ्या रेषेत. बस्स.

उभ्या रेषेबद्दल मला कुणी शिकवू नये. लिफ्टच्या कंपनीत केस पिकले माझे. तक्रार विभागात असलो म्हणून काय झालं, लिफ्ट सरळ गेली नाही तर सर्वांत आधी मलाच कळतं.

८ फेब्रुवारी, शनिवार. संध्या. ६

पहिला दिवस. हॉलचा मालक उन्हाळा-हिवाळा लोकरीची टोपी घालून बसणारा दिसतो. विचारलं, आधी खेळलात का? म्हटलं, थोडंफार. (थिअरी धरली तर खोटं नाही.)

पहिल्याच फटक्याला पांढरा बॉल टेबलावरून उडून थेट गल्ल्यापाशी. टोपीवाला उठला, बॉल उचलून आणून दिला, आणि मला अगदी कोपऱ्यातलं टेबल दिलं. तिथे शांतता आहे. त्या टेबलाच्या कापडाला आधीच दोन ठिगळं आहेत. माणसाला एकाग्रतेची पारख आहे.

जाताना तो एवढंच म्हणाला की मऊ सापडलं म्हणून कोपराने खणू नका.

कापडाबद्दल बोलत होता बहुतेक.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घरी सराव. पोछ्याचा दांडा, वजनाला जवळजवळ क्यूच. व्हिडिओत सांगितलंय: बाटली आडवी ठेवायची आणि काठीचं टोक बाटलीच्या तोंडात आत-बाहेर करायचं, काचेला न लागता. हात सरळ जातो की नाही ते लगेच कळतं.

पोछ्याचा दांडा बाटलीत जात नाही. हल्ली बाटल्यांची तोंडं फार बारीक करतात. मग बरणी घेतली. बरणीत साखर होती हे मला सांगायला हवं होतं.

बायको म्हणाली, आता पोछा हातात आहेच तर.

१६ फेब्रुवारी, रविवार

मुलीला सोबत नेलं. तिने मागून व्हिडिओ काढला. घरी आल्यावर टीव्हीवर लावला, सगळ्यांना दिसावा म्हणून.

व्हिडिओत माझं कोपर बाहेर जाताना दिसतं. बरंच बाहेर. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हाला एकाच बाजूला पंख फुटलाय. बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

शांतपणे समजावून सांगितलं की मोबाइलची लेन्स कडेला वस्तू वाकवते. मुलगी म्हणाली, मग मागचा खांब का नाही वाकला? खांब मध्यभागी होता. (नव्हता. पण त्या वयात एवढं कळत नाही.)

मला आतून जे जाणवतं तेच खरं. आतून कोपर सरळच आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नामी युक्ती. ऑफिसच्या वर्कशॉपमधून ओळंबा आणला. मेकॅनिकने विचारलं कशाला, म्हटलं टेक्निकल आहे. दोरी कोपराला बांधून पोछा घेऊन वाकलो. ओळंबा बरोबर दांड्यावर टेकला पाहिजे.

तो माझ्या पायावर टेकला. उजव्या. बाहेरच्या बाजूला.

निष्कर्ष: आपल्या घराच्या हॉलची फरशी लेव्हलमध्ये नाही. खात्रीसाठी गोटी ठेवून पाहिली. गोटी जागची हलली नाही. बायकोने नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण म्हणून दाखवली. आमच्या फ्लॅटला अंगण नाही.

मग एक जोरदार स्ट्रोक मारून पाहिला. ओळंबा लोखंडाचा असतो. नडगीला बर्फ लावून लिहितोय.

१ मार्च, शनिवार

आज वहिनींचा फोन होता, बायकोला. दार उघडं होतं म्हणून कानावर आलं.

दादाला बरं नाही. म्हणजे आजार असा नाही, पण रिटायर झाल्यापासून घराबाहेर पडत नाही. त्यात उजवा खांदा धरलाय, फ्रोझन शोल्डर. हात वर जात नाही, भांगसुद्धा पाडता येत नाही. व्यायाम सांगितलेत, करत नाही. दिवसभर खिडकीशी बसतो, कुणी विचारलं तर म्हणतो, मी मजेत आहे. वहिनी म्हणाल्या, तुमच्याकडे आले तर जरा बोलतील तरी, इथे भिंतीशी बोलायची वेळ आलीय माझ्यावर.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, अहो, त्यांना जरा रमवा. हरवाहरवीचं डोक्यातून काढून टाका.

ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. ज्याने मला खांद्यावर बसवून जत्रेतला पाळणा दाखवला त्याचा खांदा.

संध्या. ७

विचार केला. खांदा धरलेल्या माणसाला हरवणं बरं दिसत नाही. पण शास्त्र बघायला गेलं तर पूलमध्ये खांदा हलवायचाच नसतो. दंड स्थिर, हालचाल फक्त कोपराखाली. म्हणजे ज्याचा खांदा निसर्गतःच हलत नाही त्याला फायदाच आहे. उलट मीच अडचणीत.

सामना न्याय्य आहे. मनावरचं ओझं उतरलं.

९ मार्च, रविवार

प्रगती. आज काळा बॉल पॉकेटमध्ये घातला, एकदम सुरेख. काळा शेवटी घालायचा असतो आणि माझे बाकीचे सगळे टेबलावरच होते, त्यामुळे नियमाप्रमाणे मी हरलो. पण बॉल गेला की नाही? गेला.

समोर बँकेतल्या बाई होत्या, रविवारच्या रविवार येतात. म्हणाल्या, फटका मारताना तुम्ही डोकं वर करता, आणि डोळेही मिटता. म्हटलं, ती माझी शैली आहे. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. थोड्या दबल्या असाव्यात.

टोपीवाला बाजूने जाताना म्हणाला, साहेब, तुमच्या स्ट्रोकला कोपरापासून नमस्कार. पहिल्यांदाच त्याने कोपराची दखल घेतली.

१९ मार्च, बुधवार

कोपर दुखतंय. डॉक्टरांकडे गेलो. कुठला खेळ, त्यांनी विचारलं. सांगितलं. ते म्हणाले, पूलने सहसा असं होत नाही, तुम्ही करता तरी काय? उठून करून दाखवलं. त्यांच्या टेबलावरचा पेन-स्टँड पडला.

पट्टा दिलाय कोपराला. पाच दिवस विश्रांती. हरकत नाही, पट्ट्याने हात रेषेत राहील. संकटातून संधी.

५ एप्रिल, शनिवार

दादा आला. स्टेशनवर मीच गेलो होतो. आधी ओळखलाच नाही. केवढा उतरलाय! बॅग डाव्या हातात, उजवा हात अंगाशी चिकटवून, जणू काखेत फाइल धरलीय. मी पाठीवर थाप मारायला गेलो आणि ऐनवेळी हात मागे घेतला. तो म्हणाला, अरे मार, मोडत नाही मी.

घरी आल्यावर आंघोळ करून बाहेर आला. बायको आणि मुलगी आत गेल्याचं बघून माझ्यापुढे मनगट धरलं. म्हणाला, धाकट्या, एवढं बटण लाव रे. आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

लावलं. मनगट अगदी काटकी झालंय.

नंतर वातावरण हलकं करायला पूलचं सांगितलं. त्याने विचारलं, म्हणजे काय, काठीचा कॅरम? मग बराच वेळ थिअरी समजावली. ऐकता ऐकता झोपला. प्रवासाचा शीण.

७ एप्रिल, सोमवार

ऑफिसातून लवकर निघून दादाला हॉलवर नेलं. मुलगीही आली. दादा यायला तयार नव्हता. बायकोने चपला त्याच्या पायापाशी नेऊन ठेवल्या तेव्हा उठला.

त्याने क्यू उजव्या हातात घेतला, वाकला, हात मागे नेला आणि चेहरा पांढरा पडला. क्यू टेबलाला टेकवून ठेवला. म्हणाला, नाही जमायचं, तू खेळ, मी बघतो. आणि खुर्चीवर जाऊन बसला, घरी खिडकीशी बसत असेल तसा.

मला काही सुचेना. म्हणून शिकवायला लागलो. पाय असे ठेवायचे, हनुवटी काठीवर, दंड स्थिर, आता बघ लंबक. मारला. बॉल कडेला लागून, दुसऱ्या कडेला लागून, परत माझ्याकडेच आला. म्हटलं, हे मुद्दाम. आता बघ. मारला. क्यूचं टोक पांढऱ्याला लागलंच नाही, मी पुढे झेपावलो आणि टेबलावर पालथा.

दादा हसायला लागला. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज यायला लागला, मग डावा हात पोटावर. आई ग, आई ग करत होता. टोपीवाला काउंटरवरून उठून बघायला आला.

माझ्या मते त्यात हसण्यासारखं फारसं नव्हतं.

घरी मुलीने आईला सगळं साभिनय सांगितलं. बायकोने मला आत बोलावलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. तर तिचे डोळे भरलेले. म्हणाली, रोज न्या त्यांना.

९ एप्रिल, बुधवार

गेलो. मी चुकलो की दादा हसतो. म्हणजे तो सतत हसतो.

आज मध्येच उठला. क्यू डाव्या हातात घेतला. मी म्हटलं, अरे, डावखुऱ्याची थिअरी वेगळी असते, ती मी अजून पाहिलेली नाही. म्हणाला, बघू तरी, या हाताला अजून काही वाईट सवयी लागलेल्या नाहीत. उजवा हात पुढे टेबलावर टेकवला. तेवढा तो जातो, दुखतो पण जातो. वाकला. हळूच मागे, हळूच पुढे.

ठक्. बॉल सरळ पॉकेटात.

नवशिक्याचं नशीब असतं. असं होतं पहिल्यांदा.

मग दुसरा गेला. दुसऱ्यांदाही होतं.

१२ एप्रिल, शनिवार

आता दादाच मला ऑफिसात फोन करतो, निघालास का म्हणून. सकाळी दारामागे उभा राहून खांद्याचे व्यायाम करतो, बोटांनी भिंतीवर चढत जायचं. म्हणतो, टेबलावर पुढचा हात लांब गेला पाहिजे. बँकेतल्या बाईंशी त्याची ओळख झाली आहे. त्या त्याला चांगलं खेळता म्हणाल्या. दबल्या नाहीत.

उद्या सामना. मीच आव्हान दिलं. बायको, मुलगी, सगळे बघायला येणार. संकल्प: डोकं खाली, डोळे उघडे, कोपर सरळ. पट्टा घट्ट.

१३ एप्रिल, रविवार. संध्या. ८

मी दादाला जिंकू दिलं.

८.१०

वरचं वाक्य बायकोला दाखवायचं नाही असं ठरवलं होतं, पण ती मागेच उभी होती. म्हणाली, डायरीत तरी.

तर, झालं असं. मला पट्टेवाले बॉल आले, दादाला अख्ख्या रंगाचे. सुरुवात माझी. हॉलमध्ये उजेड नेहमीपेक्षा जास्त होता. शिवाय लोक बघत होते, आणि लोक बघत असले की माझा लंबक आखडतो. माझा एक बॉल गेला. खरं तर तो दादाच्या बॉलचा धक्का लागून गेला, पण गेला.

दादा घाई न करता खेळला. एकेक बॉल, जणू कपाटात कपडे लावतोय. मध्ये एकदा लांबचा फटका होता. उजवा हात पुढे ताणावा लागणार होता. बायको पुटपुटली, नका हो ताणू. त्याने ओठ दाबून हात नेला. पूर्ण नेला. मारला. गेला.

आणि काय झालं कळलं नाही, सगळ्यांत आधी टाळी मी वाजवली. प्रतिस्पर्धी असून. नंतर लक्षात आलं आणि थांबलो, पण तोवर बऱ्याच वाजवून झाल्या होत्या.

मुलगी म्हणाली, बाबा, मोठ्या काकांच्या डाव्या हातचा मळ आहात तुम्ही. ही मुलगी म्हणी कुठून शिकते, आईलाच ठाऊक.

घरी परतताना दादा माझ्या बाजूने चालत होता. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, लहानपणी बोलायचा तसं, पुढच्या वेळी बघ हं वगैरे. त्याने विचारलं, उद्या पण जायचं ना रे? ज्या स्वरात विचारलं त्यापुढे हरणं-जिंकणं जरा बारीक वाटलं. म्हटलं, जायचं की.

(जरा बारीक. अगदीच नाही असं नव्हे.)

२० एप्रिल, रविवार

दादा गेला. निघताना शर्टाची बटणं त्याने स्वतः लावली. वरचं एक चुकलं होतं. मी सांगितलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार. दुपार

वहिनींचा फोन. बायकोने स्पीकरवर ठेवला. दादाने तिकडे हॉल शोधून काढला, चार रिटायर माणसं गोळा केलीत, सकाळी जातो तो जेवायलाच उगवतो. भिंतीशी बोलायची वेळ अजून आहेच म्हणाल्या, पण आता तो घरात नसतो म्हणून. आणि सगळ्यांना सांगत फिरतो की हे मला माझ्या धाकट्या भावाने शिकवलं.

मी बायकोकडे बघितलं. मुलीकडेही बघितलं. स्पीकरचा आवाज वाढवला.

वहिनी पुढे म्हणाल्या, लोक विचारतात, भाऊ मोठा खेळाडू दिसतोय. तर हे म्हणतात, छे, मी नुसतं बघत बसलो, तो जे जे करायचा त्याच्या बरोबर उलट केलं. हातसुद्धा.

आवाज कमी करायला गेलो तर बटण सापडेना.

तरीही, शांतपणे विचार केला तर पद्धत कुणाची? माझीच. उलट करायला आधी कुणीतरी सुलट करावं लागतं.

संध्या. ७

हॉलवर एकटाच गेलो. टोपीवाल्याने माझ्यामागे दाराकडे बघितलं आणि विचारलं, दादा कुठायत? म्हटलं, गेले गावी. अरेरे म्हणाला. निदान तुम्ही तरी खेळणार का असं विचारेल म्हणून मी वाट बघत होतो, तर तो म्हणाला, परत कधी येणार?

कोपऱ्यातल्या टेबलावर खेळलो. पहिला फटका हुकला. दुसरा हुकला. तिसऱ्याला पांढराच पॉकेटात गेला. मागे खुर्ची रिकामी. कुणी हसलं नाही. हुकणं एवढं कंटाळवाणं असतं हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

लवकर घरी आलो. सोफ्यावर बायको टीव्ही बघत होती, तिच्याशेजारी बसून दादाला फोन लावला. खांद्याचं विचारायला म्हणून लावला होता. बोलणं झालं खांद्याचं. व्यायामाचं झालं. त्याच्या चार म्हाताऱ्यांचं झालं. मग मधेच माझ्या तोंडून निघून गेलं, दादा, खरं सांग, माझं कोपर नक्की जातं कुठे रे?

मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, आत्ता फोन कुठल्या हातात आहे?

म्हटलं, उजव्या.

म्हणाला, मग बघ की.

बघितलं. कोपर बायकोच्या बरगडीत होतं. ती सोफ्याच्या पार टोकाला जाऊन बसली होती. म्हणाली, मघापासून टोचतंय, पण म्हटलं भाऊ भाऊ बोलतायत तर बोलू देत.